पोरं खाणारी

पिशोरच्या बाजारगल्लीतल्या घरात, मक्याची कणसं पसरलेल्या अंगणात बसून गोजरबाई कडुलिंबाचा पाला वाटत होती. नात श्रेया अवघी सहा महिन्यांची. पण सून मोनिकाला पुन्हा दिवस गेले होते आणि पोटुशीचं दूध लेकराला बाधतं, असं गल्लीतलं प्रत्येक घर मानत आलेलं. वाटलेला लेप सुनेच्या हातात देत गोजरबाई म्हणाली, "छातीला लाव. दोनदा तोंड कडू झालं की आपसूक सुटंल."

"लई लहान हाय वो आत्याबाई."

"माजी तर दूध तोडलं तवा हिच्याहून लहान व्हती."

गोजरबाईला सहा पोरं झाली. जगला एकटा सत्यम. बाकीची कुणी बारशाआधी, कुणी रांगायच्या वयात गेली. तिचा नवरा सर्जेराव तिला 'पोरं खाणारी' म्हणायचा. आधी रागात म्हणायचा, मग सवयीनं. चहा मागावा तितक्या सहज, चार माणसांदेखत. गोजरबाईलाही ते खरंच वाटायचं. दुसऱ्याच्या घरी बारसं असलं की ती दारातूनच परत फिरायची.

श्रेयाला पाणी घातलेलं दूध बाटलीनं सुरू झालं. पोर वाळत गेली. उन्हाळ्यात जुलाब लागले तेव्हा तिच्यात रडण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावली, डॉक्टरांनी होते नव्हते ते उपाय केले. पहाटे श्रेया गेली.

अमृता नावाच्या तरुण डॉक्टरनं गोजरबाईला बाकावर बसवलं. पोरीला दूध कधी, कसं तोडलं, ते विचारलं. मोनिकाच्या पोटाकडे पाहिलं.

"आजी, लेप कशाला लावला? पोटुशी असली तरी आईचं दूध विष होत नाही. कमी होतं, तेव्हा वरचं नीट खायला लागतं. आणि खरं म्हणजे बाळंतपणानंतर दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नसतात. आईचं अंग भरून यायला वेळ लागतो. नाहीतर कडेवरच्याचं दूध जातं, आणि पोटातलं कमी वजनाचं, कमी दिवसांचं येतं. दोघांच्याही जिवाला धोका."

गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला. "मला वरसाला एक व्हायचं. पाच गेली."

अमृता हळूच म्हणाली, "तेव्हा कुणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. एक नर्सबाई अंगणापर्यंत आली होती. 'माझ्या घरातलं मला शिकवते का?' म्हणत सर्जेरावानं तिच्या अंगावर काठी उगारली होती. ओली बाळंतीण असलेल्या गोजरबाईनं चुलीपाशी बसून ते सगळं ऐकलं होतं.

एसटीत बसून येताना गोजरबाई रडली नाही. आपल्या हातानं वाटलेला तो पाला तिला आठवत होता. आणि त्या हातामागं कुणाचं घर, कुणाचा हुकूम होता, तेही आठवत होतं.

मोनिका आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, मुठीएवढा. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिला आणि कसाबसा तगला. दीड महिन्यानं तपासणीला गेल्यावर गोजरबाईनं सुनेला विचारलं, "पोरी, तुला काय पायजे? तुजं तू सांग."

"आत्याबाई, मला झोप पायजे," मोनिका म्हणाली, आणि तिथंच हुंदके देऊन रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. मांडव घातला, गल्ली जेवायला आली. पाळण्याभोवती बायका जमल्या. जरीचा फेटा बांधून सर्जेराव पुढं आला. "पोरगी गेली, पर देवानं नातू दिला. आता पुढच्या वर्साला आनखी एक. जोडी झाली पायजे!"

माणसं हसली. गोजरबाई पाळण्याची दोरी सोडून उभी राहिली.

"पुढच्या वर्साला काय बी व्हनार नाय. मोनिकानं कालच तांबी बसवून घेतली. तिच्या मर्जीनं. म्या संगं व्हते."

सर्जेरावाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पोरं खाणारे! माज्या घरात—"

"व्हय, तुमच्याच घरात! पाच खाल्ली तुमी, अन् नाव माजं घेतलं. वली बाळंतीण असताना हात धरला माजा. दोघांची तर नावंबी ठेवली नाय, बारशाआदीच गेली. मंगल गेली, दत्ता गेला, सुमन गेली. आता श्रेया. तिच्या तोंडचं दूध म्या तोडलं, ते पाप माजं. पर नातू पायजे म्हून घाई तुमी केली, ती येळ तुमी आनली."

सर्जेरावानं हात उगारला. तो सत्यमनं धरला. "माय, तू घरात चल," तो पुटपुटला.

"तू ऐक आदी!" गोजरबाई मुलाकडे वळली. "तू का जगलास ठाव हाय? तू झालास अन् हे कामाला सुरतला गेले. अडीच वरसं आले नायत. तू पोटभर प्यालास. बाप घरात नव्हता म्हून तू जगलास."

सत्यमनं बापाचा हात सोडला, दोन पावलं मागं सरला आणि मोनिकाजवळ जाऊन खाली मान घालून बसला.

त्या दिवसापासून गोजरबाईनं सर्जेरावाला ताट वाढलं नाही. त्याचं अंथरूण अंगणात गेलं. तो शेजारून डबा आणून एकटा खाई. सत्यम बापाशी कामापुरतं बोले. आणि गल्लीतल्या सुना एकेक करून यायला लागल्या. "मावशी, तांबी कुठं बसवत्यात वो?" गोजरबाई मुद्दाम अंगणातच बसून, सर्जेरावाला ऐकू जाईल अशा चढ्या आवाजात त्यांना सगळं सांगे, आणि कुणाची सासू आडवी आली तर स्वतः आरोग्य केंद्रात घेऊन जाई. तो मान खाली घालून ऐकत राही. तिला त्याचं समाधान वाटे, आणि ते ती लपवतही नसे.

वर्षभरानं सर्जेरावाचा भाऊ मध्यस्थीला आला. "वैनी, म्हातारा खंगला. झालं गेलं. आता माफ करा त्याला."

नातू तिच्या मांडीवर होता, तोंडाला वरणभात माखलेला, गुबगुबीत. तिनं त्याचं तोंड पुसलं.

"माफ करायचं का नाय, ते त्या पाचांनी ठरवायचं, भाऊजी. जावा, त्यांना इचारून या."