तीन दिवसांची सुट्टी

उकळत्या पाण्यातून सिस्टर एल्साने चिमट्याने एकेक सुई बाहेर काढली आणि स्वच्छ फडक्यावर मांडायला सुरुवात केली. तेवढ्यात पंचफुला मागून म्हणाली,

"बाई, मले तीन दिवस सुट्टी पायजे."

चिमटा हवेतच थांबला.

"केव्हा?"

"परवापासून. दसरा धरून." पंचफुलाचे हात थांबले नव्हते. ती बरणीत कापसाचे बोळे भरतच होती. "पुरी वस्ती जाऊन राहिली नागपूरले. दीक्षा घ्याले."

एल्साला हे ठाऊक होतं. महिनाभर वस्तीत दुसरा विषय नव्हता. दसऱ्याला नागपुरात बाबासाहेब बुद्धाचा धर्म घेणार होते आणि पांढुर्ण्याच्या या टोकाच्या वस्तीतलं घर न् घर जायला निघालं होतं. फक्त त्या जाणाऱ्यांत तिने पंचफुलाला कधी धरलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर पंचफुला मिशनच्या या दवाखान्यात झाडायला आली होती. आता ती जखमा बांधत होती, बाळंतपणं करत होती, पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगत होती. रविवारच्या प्रार्थनेला शेवटच्या चटईवर बसत होती. आणि या उन्हाळ्यात, एल्साने विचारल्यावर, नाताळात बाप्तिस्मा घ्यायला ती हो म्हणाली होती. चौदा वर्षांत वस्तीतलं कुणी हो म्हटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी एल्साने वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात पंचफुलाचं नाव दोनदा आलं होतं.

"आणि कलाबाईचं काय?" एल्सा म्हणाली. "तिचं बाळ आडवं आहे. नववा महिना सरत आला. ती अडली, तर मी एकटीने काय करावं?"

एल्सा मराठी पुस्तकातून शिकली होती. मन बिथरलं की तिची भाषा जास्तच शुद्ध होई.

पंचफुलाने बरणीचं झाकण लावलं.

"बरं बाई," ती म्हणाली, आणि बादली घेऊन विहिरीकडे गेली.

कारण खरं होतं. तरी दिवसभर एल्साला एका जागी बसवेना. तिने कपाटातल्या पट्ट्या काढल्या, पुन्हा गुंडाळल्या, पुन्हा ठेवल्या. बायबल उघडलं आणि एकही ओळ न वाचता मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत फेरीला निघाली. एरवी ती दिसली की दारादारांतून हाका येत. कुणाचं पोट, कुणाचे डोळे, कुणाच्या पायातला काटा. आज कुणालाच काही होत नव्हतं. बाया सोडा घालून जुनी लुगडी उकळत होत्या, कारण दीक्षेला पांढरं नेसायचं होतं आणि बाजारात पांढरं कापड उरलं नव्हतं. संत्र्याच्या बागांत तोडणीला गेलेली माणसंही खाडा करून परत आली होती.

नत्थूजींनी मात्र तिला हाक मारली. वस्तीतले सगळ्यांत वयस्कर. छातीचं दुखणं जुनं, एल्साच्याच इंजेक्शनांवर तग धरून होते.

"सिस्टरबाई, तीन दिवस खोकला थांबन असं कायतरी द्या. मंग तुमी म्हणसान तेवढे दिवस खाटेवर पडतो."

"तुम्ही प्रवास करू नये, नत्थूजी. गर्दीत तुम्हाला झेपणार नाही."

"पुढच्या महिन्यात नागपूर दुसऱ्या राज्यात जाते म्हणे, अन् आपण इकडंच ऱ्हायतो. त्याच्या आत जाऊन येतो." ते हसले आणि हसता हसता खोकले.

खोकला थांबेपर्यंत एल्सा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग, विचारायचं नव्हतं तेच तिने विचारलं.

"चौदा वर्षं मी इथे आहे. तुम्ही कधी प्रार्थनेला आला नाहीत. मी कुठे कमी पडले?"

नत्थूजी दचकले. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता.

"तुमी काऊन कमी पडसान? गावातला डॉक्टर पुडी दुरून फेकते. तुमी छातीले कान लावला. पण बाई, तुमच्याकडं आमी दुखणं घेऊन येतो. तिथं दुखणं घेऊन जाऊन नाई राहिलो."

एल्साने गोळ्यांची पुडी त्यांच्या हातात दिली. घ्यायच्या वेळा सांगायचं ती विसरली. चार पावलं पुढे जाऊन परत फिरली आणि सांगून गेली.

गुणवंताच्या घरी त्याची बायको कलाबाई चटईवर पडली होती. पंचफुला आधीच येऊन तिच्या उशाशी बसली होती. एल्साने हात चोळून गरम केले आणि कलाबाईच्या पोटावर ठेवले. मग ती थांबली. पुन्हा, सावकाश, दोन्ही बाजूंनी चाचपलं. काल-परवापर्यंत बरगडीखाली आडवं पडलेलं बाळ फिरलं होतं. खाली, ओटीपोटात, डोकं गोल आणि घट्ट लागत होतं. लाकडी नळी टेकवून तिने ठोके ऐकले. अगदी जागच्या जागी. आता काळजीचं काही नव्हतं आणि बाळंतपणाला अजून अवकाश होता.

"कसं हाय, बाई?" दारातून गुणवंताने विचारलं.

एल्साची मान वर झाली नाही.

"अजून आडवंच आहे," ती म्हणाली.

कलाबाईने डोळे मिटले. गुणवंता उंबऱ्यावर बसला. तोही उद्या निघायचा होता.

पंचफुलाने पदराला हात पुसले आणि नेहमीच्या सवयीने तिनेही कलाबाईच्या पोटावर हात ठेवले. तिची बोटं खाली सरकली आणि क्षणभर तिथेच राहिली. एल्सा नळी फडक्यात गुंडाळत होती. दोन वेळा गुंडाळूनही ती नीट बसेना.

"बाई म्हणतात तसंच हाय," पंचफुला म्हणाली.

शनिवारी सकाळी वस्ती निघाली. दवाखान्याच्या खिडकीतून एल्सा पाहत होती. डोक्यावर भाकऱ्यांची गाठोडी, कडेवर पोरं, पांढरे धुतलेले कपडे. नत्थूजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यात गुणवंता नव्हता.

आणि रोजच्या वेळेला फाटक वाजलं. पंचफुला आत आली, तिने खराटा घेतला आणि व्हरांडा झाडू लागली. खराट्याचा आवाज, तो रोजचा खरखर आवाज, एल्साला सोसवेना. ती बाहेर आली.

"पंचफुला, थांब. बाळ फिरलं आहे. काल मी खोटं बोलले."

पंचफुलाने खराटा भिंतीला टेकवला.

"मले मालूम हाय. हाताले डोकं लागलं होतं मायाबी."

"मग गेली का नाहीस?"

"तुमी सांगसान म्हून थांबली."

एल्सा तिथेच पायरीवर बसली. इतक्या वर्षांत पंचफुलाने तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मग एल्सा एकदम उठली.

"दुपारची पॅसेंजर आहे. चल. गुणवंतालाही सांग, त्याने काळजी सोडावी. मी आहे इथे."

"नेसाले पांढरं नाई मायाकडं. सारं संपलं बाजारातलं."

कामावर नेसायच्या एल्साच्या तीन पांढऱ्या साड्या होत्या. त्यांतली इस्त्रीची तिने काढून दिली. पंचफुलाने ती छातीशी धरली. आभार मानायची तिला सवय नव्हती आणि एल्साला ते ऐकायची इच्छा नव्हती.

पांढुर्णा स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. सावरगावची, तिगावची, कुठकुठली माणसं फलाटावर बसली होती. गाडी आली तेव्हा दारं माणसांनी आधीच भरलेली होती. एल्सा कोपरांनी वाट काढत बायांच्या डब्यापर्यंत पोचली. लोक त्या गोऱ्या बाईला बघून बाजूला होत होते, आणि आज पहिल्यांदाच तिने त्याचा फायदा घेतला. आतून चार हात पुढे आले. पंचफुला ओढली गेली. दुसऱ्या डब्याच्या दांडीला गुणवंता लटकला होता.

गाडी गेल्यावर एल्सा बराच वेळ फलाटावर उभी होती. आपण आनंदात आहोत की दुःखात, ते तिला ठरवता येईना. परतीच्या वाटेत ती दोनदा रस्ता चुकली, चौदा वर्षांच्या ओळखीचा रस्ता.

रविवारी प्रार्थनेला चौघं होती. शेवटची चटई तिने अंथरली नव्हती, तरी नजर तिथेच जात होती. दुपारी ती कलाबाईला पाहून आली. संध्याकाळी काही काम नसताना पुन्हा जाऊन आली. सोमवारी तिने वरिष्ठांना पत्र लिहायला घेतलं. "पंचफुला" एवढंच लिहून झालं.

मंगळवारी सकाळी फाटक वाजलं. पंचफुलाने धुऊन घडी केलेली साडी टेबलावर ठेवली. चेहरा जागरणाने ओढलेला होता, पण ती कुठेतरी सैल झाली होती, खांद्यांतून.

"एवढी माणसं, बाई. एवढी माणसं मी जल्मात नाई पायली. आवाज नाई, धक्काबुक्की नाई. तिथं सारे मिळून बोललो का खोटं बोलणार नाई म्हून. तवा मले एक गोष्ट टोचली. ते सांगतो तुमाले."

"सांग."

"नाताळाचं मी हो म्हटलं होतं. ते मनातून नव्हतं. तुमी इतक्या आशेनं विचारलं, मले नाई म्हणवलं नाई."

एल्सा टेबलावरच्या साडीकडे पाहत होती. घडी इतकी काटेकोर होती की ती घालायला पंचफुलाला बराच वेळ लागला असावा.

"हे मी तुला कधीच विचारलं नसतं, तर?" तिने हळूच म्हटलं.

"तं मी रोज आलीच असती की. आतापण येऊन राहिली. ठेवसान तं."

एल्सा साडी उचलणार तोच फाटक वाजलं. बाहेर गुणवंता ओरडत होता. कलाबाईला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या.

"पिशवी घे," एल्सा म्हणाली.

बाळंतपण सोपं झालं. एल्सा उशाशी राहिली आणि पंचफुलाने बाळ हातात घेतलं. मुलगी. रडली ती अशी की बाहेर गुणवंता हसायला लागला.

या वस्तीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कपाळावर एल्सा हात ठेवून प्रार्थना म्हणत असे. कुणी कधी आडकाठी केली नव्हती. बाया तेवढा वेळ डोक्यावर पदर घेऊन गप्प बसत. आजही पंचफुलाने पुसून गुंडाळलेलं बाळ तिच्यापुढे धरलं आणि कलाबाईने चाचपडत पदर ओढला.

एल्साचा हात वर गेला. मग तो बाळाच्या पायाशी सुटलेल्या फडक्याकडे वळला आणि तिने ते नीट खोचलं.

"तू म्हण," ती पंचफुलाला म्हणाली. "तिथे शिकलीस ते."

पंचफुला गोंधळली. तिने बाळाकडे पाहिलं, कलाबाईकडे पाहिलं. मग अडखळत, नवख्या शब्दांवर जपून पाय ठेवत, ती म्हणू लागली. बुद्धाला शरण जायची पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरीला ती अडली. तेव्हा दाराआडून गुणवंताने ती मोठ्याने पूर्ण केली.

एल्सा हात धुवायला मागच्या अंगणात गेली. रांजणातलं पाणी तिने तांब्याने हातांवर ओतलं. कुणी बघत नाही असं पाहून डोळे मिटले आणि आपली रोजची प्रार्थना सुरू केली. बाळासाठी मागितलं, कलाबाईसाठी मागितलं. नत्थूजींच्या छातीसाठी मागितलं. मग पंचफुलाचं नाव आलं. तिच्यासाठी अकरा वर्षं रोज एकच मागणं होतं, ते तोंडपाठ होतं. ते शब्द ओठांवर येईनात. दुसरे सुचेनात.

आतून पंचफुलाची हाक आली, गरम पाणी पाहिजे म्हणून.

"आणते," एल्सा म्हणाली, आणि ओल्या हातांनी चुलीकडे वळली.