शंभर वालांची परीक्षा

समिधाच्या पणजोबांनी १९०८ साली नागोठण्यात बियाण्यांचं दुकान थाटलं. नियम एकच. गिऱ्हाइकासमोर शंभर दाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधायचे. नव्वदांना मोड आले तर पोतं बियाणं म्हणून जायचं, नाहीतर शेजारच्या गाळ्यात डाळ होऊन. दोन्ही गाळे त्यांचेच! लोक म्हणायचे, काय सचोटीचा माणूस.

दुकान बंद होऊन सत्तर वर्षं झाली. ते पुन्हा काढायची हुक्की समिधाला आली ती कुवेतमध्ये, बनेद अल-गार भागातल्या सातव्या मजल्यावरच्या घरात. गावाहून कडव्या वालाचा नमुना आला, त्यातले शंभर दाणे भिजवून तिने ओल्या फडक्यात बांधले. इथल्या एका मोठ्या शेतासाठी बियाणं घेणारे, मूळचे श्रीवर्धनचे तौफीकभाई शनिवारी दुपारी मोड मोजायला येणार होते. पणजोबांच्या दोन्ही गाळ्यांची गोष्ट तिने त्यांना फोनवर ऐकवली होती. पटलं तर पहिली ऑर्डर, नाहीतर पणजोबा पुन्हा फोटोत.

शनिवारी सकाळी समिधा पाकिटं छापून आणायला गेली. ऑर्डरच्या आधी पाकिटं. दुकानदाराचं घराणं लपत नाही. परतली, तर घरभर फोडणीचा वास.

"सरप्राइज!" नवरा, आलोक, झारा नाचवत आला. "बिरडं केलंय."

"अरे, ते माझे शंभर दाणे होते!"

"मला वाटलं, दोघांपुरते मोजून घेतलेस."

तेवढ्यात बेल वाजली.

"वहिनी, मोड दाखवा," तौफीकभाई म्हणाले. समिधाने पातेलं पुढे केलं. त्यांनी डोकावून पाहिलं.

"सालासकट बिरडं? माझी बायको असमा घरात घेणार नाही तुम्हाला."

"सोलायचा कंटाळा आला," आलोक पुटपुटला.

तौफीकभाईंनी चष्मा लावला. साल शाबूत, म्हणून मोडही जागच्या जागी! त्यांनी ताट मागितलं आणि चमच्याने एकेक दाणा मांडत मोजायला बसले. साठाच्या पुढे तिघंही एका सुरात मोजू लागले. नव्वदाला समिधाने टुणकन उडी मारली.

"सत्त्याण्णव!" तौफीकभाई म्हणाले. "उरलेले तीन?"

"मीठ बघितलं," आलोक म्हणाला.

"मोड होते?"

"होते की. एक अजून दाढेत आहे."

"मग शंभर." तौफीकभाईंनी ताट स्वतःकडे ओढलं. दोन घास झाले, तिसरा झाला. "चाळीस किलो बियाणं पाठवा. आणि शेजारचा गाळा कधी उघडताय? ह्याचे डबे द्याल का?"

आलोकची छाती फुगली. समिधाने त्याच्या हातातला झारा काढून घेतला.

"देऊ की. पण सोलायला हा बसणार."