लामत्याच्या पुढचा उतार

"किल्ली उद्या वीरेंद्रच्या हातात देजो. सगळ्यायच्या समोर."

महागूकाकांनी ओट्यावर बसल्या बसल्या हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही कोणाला ताटात मीठ वाढायला सांगावं. ज्योत्स्ना अंगणात स्कूटरची सीट पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मेश्रामांच्या घरात पगडीचा रिवाज उरला नव्हता. बौद्ध दीक्षा घेतल्यावर पिंड, तेरवी, पगडी, सगळंच सुटलं. गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला भन्ते येत, पंचशील होई, माणसं जेवून जात. उद्याही तेच व्हायचं होतं. पण आजूबाजूच्या घरांत बाप गेला की थोरल्याच्या डोक्याला पगडी बांधत, आणि काकांच्या मनातून ते काही जात नव्हतं. म्हणून त्यांनी भाऊबंदांत स्वतःचाच एक रिवाज पाडला होता. पगडी नाही, तर गेलेल्या माणसाच्या गाडीची किल्ली थोरल्याच्या हातात द्यायची. डोमाजी गेला तेव्हा तर सायकलच्या कुलपाची किल्ली दिली होती. लोक हसले, पण किल्ली दिली गेली.

ज्योत्स्नाच्या बाबांची, दुलीचंद मेश्रामांची गाडी मात्र सायकल नव्हती. समोर रुंद काच, सोफ्यासारखी सीट, पाय पसरून बसता येईल असं पायदान. मोहल्ल्यातली पोरं तिला भैंस म्हणत. जन्मभर लाइनमन म्हणून खांबावर चढलेल्या माणसानं रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, तेव्हा याच काकांनी "म्हातारपणी घोडं" म्हणून दात काढले होते.

"काका, मी तिच्यावर ड्यूटीले जातो," ज्योत्स्ना म्हणाली. "मले लागते ती."

"बस नाही का?"

आतून तिचा थोरला भाऊ वीरेंद्र आला. गोंदियाहून काल आलेला, हातात चहाचा कप. बाबा तापानं फणफणले तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

"तुले लागते म्हणूनच तर हे झालं," तो म्हणाला. "रोज लामत्याले कोण जाये, तुले आणाले? भर पावसात? तुले आणता आणताच मेले बाबा. अन् आता गाडीबी तुलेच पायजे."

काकांनी तळहातावरची तंबाखू चोळणं थांबवलं. ज्योत्स्नानं फडकं पिळून दांडीवर वाळत टाकलं. आभाळ भरून आलं होतं आणि फडकं वाळायची काही शक्यता नव्हती. तिनं रेनकोट चढवला आणि निघाली.

ही गाडी पावसात सोपी नाही. काच धुकटते आणि तिच्यावरून मान उंचावून बघावं लागतं. पायदानात पाणी साचतं. चिखलात थांबलं की सगळा भार एका पायावर येतो. बाबा शिकवत असताना ती दोनदा पडली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी गाडी उचलायला हात लावला नव्हता. "तुझी तू उचल," म्हणाले होते. पिंडऱ्यांना युरियाच्या रिकाम्या पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधायचे, हीही त्यांचीच युक्ती. दवाखान्यातल्या बाया तिचे पाय पाहून हसत. हसोत. तिचे पाय कोरडे असत.

चांगोटोला गावाच्या अलीकडे एका ट्रकनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. ती शिवी देणार होती, पण तोंड उघडलं तर चिखलच आत गेला असता. वीरेंद्रचं वाक्य काचेवर चिकटल्यासारखं समोर होतं. ते खोटंही नव्हतं, हेच वाईट. सकाळी ती बसनं जाई, पण संध्याकाळची बस भरवशाची नव्हती, म्हणून बाबा यायचे. लामत्याच्या दवाखान्याच्या लिंबाखाली हेडलाइट लावून उभे असायचे, मिशीतून पाणी गळत. ती रागवायची, "बाबा, काहून येता?" ते म्हणायचे, "मंग काय रानात राहशील?" आणि शेवटल्या त्या ओल्या आठवड्यानंतर ताप आला तो उतरलाच नाही. ती नर्स. दुसऱ्यांच्या तापाची औषधं पिशवीत घेऊन फिरणारी.

त्या दिवशी लसीकरण लामत्याच्या पुढच्या एका टोल्यावर, छोट्या वस्तीत होतं. त्या बाजूला ती एरवी दवाखान्याच्या जीपनं जाई. जंगल सुरू होतं तिथं रस्ता लांब उतार घेतो. उताराच्या माथ्यावर पाऊस इतका अंगावर आला की पुढचं दिसेना. कडेला पत्र्याची चहाची टपरी होती. तिनं गाडी आत घेतली.

"ए! तिथं नोको लावू!" टपरीवाला ओरडला. प्रेमलाल नाव, पत्र्यावरच लिहिलेलं. "अंदर पानी आते. ते भैंस बाहेर ठेव."

ज्योत्स्ना थबकली. "भैंस?"

"मंग काय म्हनू? त्या बुड्ढ्याची गाडी ना ही? दुलीचंदची? किधर है वो? बेच दी क्या?"

"गेले," ती म्हणाली. "मी पोरगी."

प्रेमलालनं किटली खाली ठेवली. पण चेहरा काही मऊ झाला नाही. "सांगतलं होतं मी त्याले," तो चिडून म्हणाला. "बुड्ढे, मरशील, म्हटलं. पावसात लोकं घरात बसतात, अन् हा इथं! माझा बाकडा सारा ओला करे. चाय ठंडी म्हणून भांडे. मंग गाडी घेऊन उतार खाली, उतार वर. फिरून खाली. गारठ्यात, धुक्यात, ऊनमें भी. पण पानी गिरा की त्याचं थोबाडच उजळे. लहान लेकरावानी."

"इथं? ते तर लामत्याले यायचे. मले घ्याले."

"तू पाचले सुटते ना? हा तीनलेच यायचा. मी म्हटलं, घरचे काही बोलत नाहीत का रे? तं म्हणे, घरी सांगतो पोरीले आणाले चाललो. तेवढं म्हटलं की कोणी टोकत नाही." त्यानं ग्लास तिच्यासमोर आदळला. "घे. ठंडी नाही आहे."

चहा खरंच गरम होता. ज्योत्स्नानं तो हातात धरून ठेवला. छातीवरचा दगड सरकला, हे खरं. पण त्याच्या जागी जे आलं ते सुख नव्हतं, संताप होता. आजवर बापावर असा संताप आला नव्हता. लिंबाखाली भिजत उभं राहून तिच्या शिव्या खाल्ल्या आणि मिशीत हसत राहिले. एवढी वर्षं तिला बहाणा केलं, आणि न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भन्ते गेले, पंगत उठली. बाहेर पावसानं पुन्हा जोर धरला होता. काकांनी भाऊबंदांना ओट्यावर बसवून घेतलं. वीरेंद्र पुढं झाला. त्यानं हात पसरला नव्हता, पण मूठ उघडी ठेवली होती.

"ज्योती, दे बाई किल्ली," काका म्हणाले.

"नाही देत."

"लोकांत तमाशा नोको करू."

"दादानं काल तमाशाच केला," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. "मले आणता आणता बाबा मेले, म्हणे. लामत्याच्या पुढं प्रेमलालची टपरी आहे. जाऊन विचार. बाबा दोन घंटे आधी निघून उतारावर गाडी हाकत. पावसासाठी जात होते. मी बहाणा होतो."

"झूठ," वीरेंद्र म्हणाला.

"पाऊस आहे. चाल, मांग बस. आत्ता दाखवतो."

सगळे वीरेंद्रकडे पाहू लागले. त्याचा जबडा हलला. तो ओट्याच्या पायरीपर्यंत आला, पावसाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. दोष ठेवायला आता बहीण उरली नाही तर सुट्टी न मिळालेला मुलगाच उरतो, हे त्यालाही कळलं असावं. तो वळला आणि आत गेला. मागोमाग दाराची कडी वाजली.

"भावाले उपाशी ठेवलं तू," काका म्हणाले. "त्यानं अन्नाले हात नाही लावला."

"वाढून ठेवलं आहे. भूक लागली की खाईल तो."

तिनं पोत्याचे तुकडे पिंडऱ्यांना बांधले. सुतळी ओढताना रागात गाठ जरा जास्तच आवळली गेली. गाडी स्टँडवरून उतरवली, तेव्हा काका ओट्यावरून काहीतरी ओरडत होते. पत्र्यावरच्या पावसात ते ऐकू आलं नाही.

लामता आलं. दवाखान्याच्या लिंबाखाली कोणी नव्हतं. ती थांबली नाही. उताराच्या माथ्यावर प्रेमलालनं टपरीतून हात हलवून शिवी घातली, तिनंही एक घातली.

मग तिनं गाडी खाली सोडली. काचेवरून मान उंच केली तेव्हा पाऊस तोंडावर सपासप बसला.

"बुड्ढे," ती मोठ्यांदा म्हणाली, "सांगाले काय झालतं तुले?"

खाली पोचल्यावर तिनं गाडी वळवली आणि पुन्हा वर निघाली.