लिलावातली जागा

गंगूने आरशासमोर उभं राहून तीन बोटं एकावर एक धरली आणि हळूच तोंडात सरकवली. दोन गेली. तिसरं ओठावर अडलं. कानापुढे कट्‌ झालं तशी तिने बोटं काढून घेतली.

तीन बोटं आरामात मावली की आखडलेला जबडा मोकळा झाला समजा, असं मालवणच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. तोवर कडक काही चावायचं नाही, आ वासून जांभई द्यायची नाही, सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचा फडका दहा मिनिटं गालावर धरायचा. जीभ टाळ्याला, दात एकमेकांपासून सुटे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं गंगूने आजवर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आता तेच औषध म्हणून तिच्या वाट्याला आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे महिनाभर ओरडायचं नाही. देवबागच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात पंचवीस वर्षं जिने आवाजाच्या जोरावर बोली जिंकली, तिने म्हणे ओरडायचं नाही!

मग लिलावाला तिची धाकटी जाऊ नम्रता उभी राहू लागली. नम्रताचा आवाज असा, की घरातल्या घरात हाक मारली तरी दुसऱ्या खेपेला ऐकू यावी. चार दिवसांत ही हात हलवत परत येईल, असा गंगूचा होरा होता. कसलं काय! पहिल्याच दिवशी बाई सुरमई घेऊन आली आणि कट्टा गावच्या बाजारात दुपारच्या आत पाटी रिकामी करून मोकळी झाली. वर घरी आल्यावर, गिऱ्हाइकांनी गंगूची चौकशी केली असं सांगायची, तिच्यासाठी मऊ पेज करायची, बांगड्याचे काटे काढून मासा कुस्करून वाढायची. गरम फडकाही तीच पिळून द्यायची. गंगू तो गालावर धरून बसायची आणि मनात म्हणायची, एवढी गोड वागतेय म्हणजे गेली माझी जागा.

दात सुटे ठेवणं तिला सकाळभर जमायचं. दुपारी नम्रताची रिकामी पाटी अंगणात टेकली की वरचे दात खालच्यांवर गच्च बसायचे. जबड्याचं दुखणं डॉक्टरला दिसलं. पोटात दुखत होतं ते त्याला कोण सांगणार?

चोविसाव्या दिवशी तीन बोटं गेली. गंगूने कुणाला सांगितलं नाही. नम्रता पाटी घेऊन बाहेर पडली, तशी ती मागोमाग निघाली.

किनाऱ्याला होड्या लागल्या होत्या. दाजी लिलाव पुकारत होता आणि त्याच्याभोवती बायकांचं कडं पडलं होतं. मागून गंगूला नुसत्या पाठी दिसत होत्या. सुरमईच्या वाट्यावर बोली चालली होती. बाकीच्या ओरडून ओरडून थकल्या तेव्हा नम्रता एकदाच बोलली, हळू, आणि दाजीने तिच्याकडे कान दिला.

"अठराशे."

गंगूच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचवीस वर्षं घसा फोडून मिळवलं, ते हिला पुटपुटून मिळतंय!

"दोन हजार!"

सगळ्या वळल्या. जबडा जराही दुखला नाही. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि आपण काय करून बसलो ते गंगूच्या ध्यानात आलं. तिने घरच्याच बोलीवर बोली चढवली होती.

"गंगू," दाजीने विचारलं, "हो लिलाव माशांचो की जावांचो?"

हसत हसत बायका बाजूला झाल्या तेव्हा तिला दिसलं. दाजीच्या उजव्या हाताला, होडीच्या टोकाजवळ, जिथे ती कायम उभी राहायची, तिथे कुणीच नव्हतं. नम्रता दोन पावलं मागे होती, पाटी पोटाशी धरून. त्या रेटारेटीत एवढी जागा मोकळी ठेवायची तर रोज कुणाकुणाशी वाकडं घ्यावं लागलं असेल, हे गंगूपेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

"बाय, फुडे ये," नम्रता म्हणाली. "थंय कोणाक उभा रवाक देवक नाय मी."

हिने जागा घेतली असती तर बरं झालं असतं, असं गंगूला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

दाजी खोळंबला होता. वाटा अठराशेला सोडायचा की दोन हजारांना, असं त्याने पुन्हा विचारलं.

"तिचो," गंगू म्हणाली. "अठराशेक."

ती पुढे जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. दाजीने पापलेटांची पाटी ओढली, पहिला भाव पुकारला आणि बायकांचा गलका सुरू झाला. गंगू त्यात पडली नाही. एकेक आवाज थकून गप्प होईपर्यंत ती थांबली. मागे नम्रताने बोलण्यासाठी श्वास घेतलेला तिला ऐकू आला, आणि ती बोलायच्या आत गंगूने भाव सांगून टाकला, हळू आवाजात, अगदी तिच्यासारख्या.