पंचमीची मुराळी

आमची सृष्टी कॉलेजात समाजकार्य शिकते. शेवटच्या वर्षाला तिला एका संस्थेत इंटर्न म्हणून घातलं. इंटर्न म्हणजे काय, तर सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी पाय ओढत यायचं आणि पगार विचारला की हसायचं. मी म्हटलं, असली नोकरी मी तुझ्या आजोबाच्या घरात जन्मभर केली, तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही.

संस्थेचं काम बायांचं. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या, ज्यांच्या अंगाला कुणी मर्जीविरुद्ध हात लावला अशा. आठवड्यातून एकदा सृष्टी कुर्डुवाडीला जायची. तिथं दवाखान्यात लेकरांच्या डोसाच्या दिवशी आतल्या खोलीत संस्थेची माणसं बसतात. सासू बाहेर बाकावर, सून आत. तेवढ्या वेळात जी बोलेल तिचं ऐकून घ्यायचं.

घरी आली की मी विचारायची, "आज कोन आली हुती? काय म्हनली?"

"आजी, ते सांगायचं नसतं."

"मला बी?"

"तुला तर न्हायच न्हाय."

माझ्या घरात राहायचं, माझ्या हातची भाकरी खायची आणि माझ्यापासूनच लपवायचं. मी करकंबची. आमच्या आळीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं. सोलापुरात आले, पोरं चिंचोळीच्या कारखान्यांत कामाला लागली, तेव्हा मी कडक भाकरीचं केंद्र काढलं. हाताखालच्या एकेका बाईच्या घरातलं मला ठाऊक असतं. आणि ही काल जन्मलेली पोर मला तोंड मिटायला शिकवते. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिला बरं वाटलं असणार, कारण तिनं काही चौकशी केली नाही.

आषाढ सरत आला तशी एका दुपारी ती तिच्या मॅडमला घरी घेऊन आली. वैजयंती मॅडम. पिकले केस, साधी साडी, चहा बशीत ओतून पिणारी बाई. मला आवडली.

"आजी, सुकन्या आठवते तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

न आठवायला काय झालं. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, घरात कानडी बोलणारी पोर. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेली. दोन वर्षं माझ्या केंद्रावर भाकऱ्या थापल्या तिनं. मला अव्वा म्हणायची, म्हणजे आई. मग चुलत्यानं कुर्डुवाडीच्या बसूशी लग्न लावून दिलं. बसूचा टेंपो होता, घर स्वतःचं होतं, चुलत्याला आणखी काय पाहिजे. निघताना माझ्या पाया पडली तेव्हा मी तिची ओटी भरली आणि म्हटलं, "हे तुझं माहेरच समज."

असं आपण म्हणतोच. केंद्रावरच्या प्रत्येक पोरीच्या लग्नात मी तेच म्हटलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "तुझं हक्काचं माणूस कोण, असं आम्ही तिला विचारलं. तिनं तुमचं नाव घेतलं. तुम्हाला सांगा म्हणाली, म्हणून सांगतोय. ती सांगा म्हणाली तेवढंच."

तेवढंही पुष्कळ होतं. बसू मारतो. फोन काढून घेतलाय. दवाखान्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, तिथंही सासू बरोबर. तिला निघायचंय, पण प्रभुला सोडून नाही. प्रभु म्हणजे तिचं अंगावर पिणारं लेकरू. मागं एकदा निघाली तर सासूनं लेकरू आपल्या बहिणीच्या गावी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुकन्या आपल्या पायानं परत आली.

"मग पोलीस घेऊन जावा की," मी म्हटलं. "दोन काठ्या बसल्या की येतो सरळ."

"पोलीस तिनंच नको म्हटलंय," सृष्टी म्हणाली. "पुढच्या दारात गाडी थांबली की मागच्या दारानं लेकरू जाईल. आधी लेकरासकट बाहेर, बाकी सगळं मागनं. तिचं घर तिला ठाऊक, आजी. आपण ठरवायचं नसतं."

"मग माझं काय काम?"

सृष्टीनं मॅडमकडं बघितलं. मग म्हणाली, "ती म्हणाली, अव्वाला सांगा, पंचमीला मला न्यायला ये."

मी पदर सारखा केला. नागपंचमीला लेक माहेरी येते, आणि तिला सासरहून आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, बाप जातो, कुणी नसलं तर चुलता जातो. मुराळी दारात आला की त्याला लेकीशिवाय लावून देत नाहीत. दिलं तर गल्लीत वर्षभर बोललं जातं. त्या पोरीनं हे सगळं चार भिंतीत बसून जुळवलं होतं. मी निरोपाला म्हटलेलं एक वाक्य तिनं जपून ठेवलं होतं आणि आता माझ्यापुढं ठेवलं होतं.

"जाते," मी म्हटलं. "बजाबाईचा शब्द हाय."

त्यानंतर नातीनं माझी शाळा घेतली. मी दुसरीतनं सुटलेली, मला शाळेची सवय नाही.

"भांडायचं न्हाय. मारतोय हे तुला ठाऊक हाय असं दाखवायचं न्हाय. तू निघाल्यावर राग तिच्यावर निघंल."

"बरं."

"खोटं बोलायचं न्हाय."

"त्यात खोटं काय हाय? लेकीला न्यायला आले म्हनायचं."

"परत कधी पाठवणार, असं विचारलं तर?"

"तिला यायचं असंल तवा."

सृष्टी हसली. मग परत गंभीर झाली. "आणि शेवटचं. तिला काही विचारलं तर उत्तर तिनंच द्यायचं. तू न्हाय. काय बी होऊ दे."

"आन् तिची बोबडी वळली तर?"

"तर थांबायचं. आयत्या वेळी नको म्हणाली, तर तसंच परत यायचं. आपण परत जाऊ, परत परत जाऊ. पण ओढून आणायची न्हाय."

हे मला अवघड होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी उत्तर देत नाही. मॅडमनी मात्र बाकीची तयारी चोख केली होती. संरक्षण अधिकारी बाईंना कळवलं होतं, पोलीस ठाण्यातल्या एका ताईंना सांगून ठेवलं होतं, रिक्षा ओळखीची होती. सृष्टीला सासूनं दवाखान्यात बघितलेलं, म्हणून ती कोपऱ्यावर थांबणार. दारात मी एकटी.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरलो. माझ्या हातात लाडवांचा डबा, पिशवीत हिरवं पातळ. कोपऱ्यावर मी सुपारीचं एक मोठं खांड तोंडात टाकलं.

"हे कशाला?" सृष्टीनं विचारलं.

"बोलावंसं वाटलं की चावायला."

बसूच्या दारात लिंबाचं झाड. झाडाला झोका. झोक्यावर बसूची बहीण सिद्धेश्वरी, हातभर मेंदी काढून बसलेली. समोरच्या ओट्यावर दोन बाया शेंगा फोडत होत्या. मी जरा मोठ्यांदाच म्हटलं, "विहीणबाई हायत का घरात? मुराळी आलीय."

सासू बाहेर आली. गिरिजाबाई. अंगानं आडवी, नजर तराजूसारखी.

"कोन तुमी?"

"सोलापूरची बजाबाई. सुकन्याच्या माहेरची."

"तिला कुटलं आलंय माहेर? चुलता लगीन लावून गेला तो आजून तोंड दावत न्हाय."

"हे काय, तुमच्या दारात उभं हाय की माहेर."

शेंगा फोडणं थांबलं. समोरची एक बाई म्हणाली, "मुराळी कवा बाई असती व्हय?"

"माझी पोरं कंपनीत, त्यास्नी सुट्टी न्हाय. मला कोन कामाला लावतंय, मी मोकळी." मी कट्ट्यावर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. "ही लेक न्हवं तुमची? झोका छान बांधलाय. कोन गेलं हुतं आनायला?"

"बसू गेलता," सिद्धेश्वरी म्हणाली.

"जायाच पायजे. भावानं न्हाय जायचं तर कुनी?"

गिरिजाबाईंनी तोंड फिरवलं. लाडवाचा डबा मी त्यांच्या हातात दिला. शिरस्त्याप्रमाणे तो घ्यावाच लागतो. घेतला, पण तापल्यासारखा धरला.

तेवढ्यात सुकन्या दारात आली. माझ्याकडं भाकरी थापताना तिच्या हातांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता ती उभी होती ती एक हात बरगडीला लावून, आणि दुसऱ्या हातात लेकरू. मला "अव्वा" म्हणाली. एवढंच. मी सुपारी दाढेखाली घेतली.

"लई काम हाय घरात," गिरिजाबाई म्हणाल्या. "पंचमीची पुरनाची दिंडं कोन करंल?"

"तुमची लेक आलीय की. तिच्या हातची गोड लागतील."

समोरच्या ओट्यावर कुणीतरी हसलं. गिरिजाबाईंचा चेहरा घट्ट झाला. "बरं, जाऊ दे. पन पोरगं हितं ऱ्हाईल. परवा सकाळी हिला आनून सोडा."

माझ्या तोंडाशी आलेलं इथं लिहिण्यासारखं नाही. सुपारी कडकन फुटली.

मग आतून बसू आला. बनियन, ओले केस, गळ्यात टॉवेल. माझ्याकडं बघून हसला. गोड हसतो, तेच वाईट. बायकोच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि हळू म्हणाला, "जायचंय का तुला? सांग की आजीला. हितं काय कमी हाय का तुला?"

झोका थांबला. सुकन्या खाली बघत होती. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, एक नाही चार. मी सांगितलं असतं तर ते माझं आणि बसूचं भांडण झालं असतं, आणि असल्या भांडणात हा गडी बायकोला आत ढकलून दार लावून घेतो. कोपऱ्यावर सृष्टीची ओढणी दिसत होती. तीही हलली नाही. मी सुपारीचा चुरा चावत बसले. आयुष्यात एवढी गप्प मी नवऱ्याच्या मयतीलासुद्धा बसले नव्हते.

सुकन्यानं मान वर केली.

"जायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"जायचंय मला. प्रभुला घेऊन. त्यो अंगावर पितोय, माझ्याबिगर ऱ्हात न्हाय."

"पोराला ठेव म्हनलं न्हवं आईनं?"

"ऐकलं मी. ठेवनार न्हाय."

आवाज मोठा नव्हता, पण समोरच्या ओट्यापर्यंत गेला. ती आत वळली आणि लगेच पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेलीच होती. लेकराच्या दुपट्याखाली त्याचं डोसाचं कार्ड आणि तिचं आधार, जसं दवाखान्यात ठरलं होतं तसं. आता बसू दारात आडवा झाला. हसू गेलं होतं.

"दादा, सर की," सिद्धेश्वरी झोक्यावरून म्हणाली. "पंचमी हाय. मला न्यायला आलतास तवा माझ्या सासूनं आडवलं असतं तर?"

बसूनं बहिणीकडं बघितलं, मग समोरच्या ओट्याकडं. आता तिथं चार बाया होत्या. एक तर शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठून उभी राहिली होती. तो दारातून सरला. फार नाही, एका बाईला लेकरू घेऊन निघता येईल एवढाच.

सुकन्या पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली. मी पिशवी घेतली, लेकरू तिच्याकडंच ठेवलं.

"कवा आनून सोडनार?" गिरिजाबाईंनी विचारलं.

आता विचारलं होतं मला. "तिला यायचं असंल तवा," मी म्हटलं आणि चालू लागले. मागं बघितलं नाही.

रिक्षा कोपरा वळून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा सृष्टीनं मॅडमना फोन केला, दोघं नीट निघाल्याचं सांगितलं. मग मला म्हणाली, "आजी, डबा राहिला तिकडं."

"राहू दे. माझं नाव कोरलंय त्याच्यावर. रोज फळीवर बघू दे गिरिजाबाईला." आणि इतका वेळ अडवून धरलेलं सगळं माझ्या तोंडातून सुटलं. "आता सरळ माझ्या घरी. गरम पानी, गरम भाकरी, मग त्या बसूला मी अशी..."

सृष्टीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला कळलं. आता चावायला सुपारीही नव्हती.

"बरं," मी म्हटलं. "सुकन्या, तूच सांग. कुटं जायचं?"

तिनं लेकराचं टोपडं सारखं केलं. सृष्टी थांबली, म्हणून मीही थांबले.

"आधी दवाखाना," ती म्हणाली. "बरगडीत चमक मारतीय. डॉक्टरला सगळं लिहून घ्या म्हनावं."

"मग?"

"मग पोलिसात. आता चालतंय, अव्वा. आता लेकरू माझ्याजवळ हाय." लेकराला सावरत म्हणाली, "आन् मग माहेरी. झोका बांधलाय का?"

"न्हाय बांधला. जाऊन बांधते."

मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "ऐकलंस न्हवं ती काय म्हनली? दवाखान्याला घे."