सान जुझेप्पेची शिक्षा

आत

सान जुझेप्पेला, म्हणजे आमच्या घरच्या संताच्या मूर्तीला, आम्ही सिसिलीहून पिठाच्या पोत्यात गुंडाळून आणलं. बंदरावर डोळे तपासले, उवा तपासल्या, त्या आमच्या. त्याला कुणी हात लावला नाही. न्यूयॉर्कमध्ये तो चुलीवरच्या फळीवर ऊब खात उभा असायचा. माझे बाबा, कालोजेरो, रोज सकाळी दाढी करून काम शोधायला जायचे आणि तीच दाढी घेऊन परत यायचे.

"कामकऱ्यांचा संत म्हणे!" आजी त्याच्याकडे बघून म्हणाली. "स्वतः सुतार. माझ्या पोराला विटा वाहायचं काम देववत नाही मेल्याला?"

"आई, देव आहे तो," बाबा म्हणाले.

"देव नाही, संत आहे. देवाला मी काही बोलले का?"

गावात पाऊस पडला नाही की त्याला उन्हात उभं करायचे, आभाळ भरून येईपर्यंत. इथे ऊन नव्हतं. म्हणून आजीने खिडकी उघडली आणि त्याला

बाहेर

लोखंडी जिन्यावर ठेवलं. आग लागली तर पळायचा तो जिना. त्यावर बर्फ.

"काम मिळेपर्यंत आत घेणार नाही. थंडी वाजली तर तुझं तू बघ."

आईने गुपचूप त्याच्या गळ्यात लोकरीचा मोजा बांधला. आजीने तो सोडून आणला. शिक्षा म्हणजे शिक्षा.

खालच्या मजल्यावरची नेपल्सची फिलोमेना मान वर करून ओरडली, "मावशी, काय केलंय हो त्याने?"

"काहीच केलं नाही. म्हणून तर!"

फिलोमेनाचा नवराही घरीच बसलेला. संध्याकाळी तिचा सान जेन्नारो बाहेर आला, 'पिवळ्या तोंडाच्या' म्हणून शिव्या खात. मग बारी गावाहून आलेल्यांचा संत निकोला. मग वरच्यांची सांता लुचिया, स्वतःचे काढलेले डोळे ठेवलेल्या हातातल्या बशीसकट. बशीत बर्फ साचला. रस्त्यात लोक टोप्या काढून उभे राहू लागले. पाद्री आला, वर बघितलं, क्रूसाची खूण केली आणि "थंडी फार आहे" म्हणत निघून गेला.

मग घरमालक आला. हॅनरॅटी.

"आग लागली तर माणसं कुठून पळणार? उचला ही बाहुली!"

इंग्रजी घरात मलाच थोडं यायचं.

"त्याला सांग नुन्झियाता, बाहुली तुझा बाप!"

"आजी नमस्कार म्हणतेय," मी सांगितलं.

हॅनरॅटीने स्वतः निकोलाला हात घातला. सगळ्या खिडक्यांतून झाडू बाहेर आले. त्याने हात मागे घेतला आणि दारात उभ्या बाबांकडे बघितलं.

"तुमच्यातलाच कुणीतरी लागेल. ए, तुला काम हवंय?"

आत

आजीने सान जुझेप्पेला आत घेतलं, ऑलिव्हच्या तेलाने पुसलं, गालाचं चुंबन घेतलं. बाबा कामाला लागले. एकेक संत उचलायचा, खिडकीतून आत द्यायचा.

"तुझं झालं रे कालोजेरो," फिलोमेना म्हणाली. "माझा अजून पुरता गारठला नव्हता!"

"नोकरी आहे वहिनी. माफ करा."

दिवस मावळायच्या आत जिना मोकळा झाला. हॅनरॅटी खूश.

"उत्तम. उद्या येऊ नकोस. आता काम उरलं नाही."

बाबा जेवले नाहीत. आजी फळीकडे बघत राहिली.

"त्याने दिलं होतं, आई."

"दिलं होतं. टिकाऊ दे म्हणायला मीच विसरले."

बाहेर

सकाळी फिलोमेना वर आली, शालीत सान जेन्नारोला घेऊन.

"मावशी, सगळ्या बायकांशी बोलले. सगळे संत परत जिन्यावर काढतोय. कालोजेरो, तो मालक आला की त्याला सांग, आमचा जेन्नारो फार जड आहे. दोन माणसं लागतात. दुसरा माझा नवरा."

"लाकडाचा आहे वहिनी, पोकळ."

"त्याला काय माहीत?"

आजीने सान जुझेप्पेकडे बघितलं. हात मात्र उचलेना. कालच चुंबन घेतलेलं. आता त्याचा काहीच गुन्हा नव्हता.

बाबांनी दाढी केली, डगला चढवला, त्याला फळीवरून उतरवलं आणि कोपराने खिडकी ढकलली.

"चला," ते त्याला म्हणाले. "कामाची वेळ झाली."