लेकीच्या पैशाचं बोलणं

द्वारकाबाईंचा हट्ट पिंपळगाव रेणुकाईत सगळ्यांना ठाऊक होता. भोकरदनच्या कडूबाला तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला. कडूबाची मूळची रसवंती; पण मोबाईल आले तसा त्यानं उसाचा चरक कोपऱ्यात सरकवला आणि तिथं सिमकार्डांचं दुकान मांडलं. उसाचा वास मात्र दुकानातून अजून गेला नव्हता.

द्वारकाबाईंची एकुलती लेक प्रभावती लग्न होऊन चाकणला गेलेली. जावई कंपनीत. लेकीला सहावा महिना लागला आणि मायलेकींना गावातल्या एसटीडीवरचं बोलणं पुरेनासं झालं. कापूस विकल्यावर द्वारकाबाईंचे यजमान तातेराव यांनी एक साधा मोबाईल घेतला. आता राहिलं होतं कार्ड, आणि ते निवडायला दोघं भोकरदनला आले होते.

"मावशी, हे लाईफटाईमचं घ्या," कडूबा म्हणाला. "तुमी फोन केला तर महाग पडंन, पन येणारा फोन बिलकुल फुकट. लेक करीन, तुमी नुसतं ऐकायचं."

तातेरावांची मान आधीच डोलायला लागली होती.

"फुकट म्हंजे पैसे कोनाचे जातेत?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"लेकीचे."

"मंग ते न्हाई पाहिजे."

कडूबा चक्रावला, तातेराव मुळीच नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. दिवाळीनंतर द्वारकाबाई चाकणला गेल्या, तेव्हा भाकरी बांधून नेली आणि तहान लागली की शेजारणीकडे जाऊन पाणी पिऊन आल्या. आईला बसमध्ये बसवताना प्रभावतीचा चेहरा एवढासा झाला होता. आता लेकीच्या पैशानं बोलायचं म्हणजे तिच्या घरचं खाल्ल्यासारखंच की, असा द्वारकाबाईंचा हिशेब. रीत घालून देणाऱ्यांच्या वेळी मोबाईल नव्हते, हे त्यांना सांगायची कुणाची छाती होती?

"ज्याच्यावरून मला फोन करायला स्वस्त पडतो, ते द्या."

"देतो. पन याला महिन्याची मुदत हाये बरं का. मुदत सरली की आत पैसे असले तरी तुमचा फोन लागायचा न्हाई. येणारा तेवढा काही दिवस चालू ऱ्हातो."

"हो, हो," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ऐकलं काहीच नाही. कणगीत भरलेली ज्वारी महिना झाला म्हणून कुणी उचलून नेतं का? आपले पैसे, आपण ठेवलेले, जातील कुठं!

घरी रेंज फक्त गोठ्याच्या दारात यायची. तिथं खुंटीला पिशवीत मोबाईल टांगला गेला आणि मायलेकींची लढाई सुरू झाली. आईनं फोन लावला की माहेरचा नंबर बघून लेक तो कापायची आणि आपण लावायची. आईला खर्चात कशाला घाला! तो वाजला की आई कापायची आणि पुन्हा आपण लावायची. लेकही त्याच वाणाची, हटायला तयार नाही. तातेराव म्हणायचे, "दोघी मिळून फोनचा गळा दाबून राह्यल्या." कधीमधी आई जिंकायची, मग "बरी हायेस ना? जेवतीस ना?" एवढं होऊन फोन बंद. सातव्यात जाऊन तिला बाळंतपणाला घेऊन यायचं, एवढं मात्र ठरलं.

एका सकाळी फोन वाजला. द्वारकाबाईंनी सवयीनं कापला आणि नंबर लावला. कुणी बाई हिंदीत काहीतरी सांगायला लागली. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. मुदत सरली होती.

"पैसे हायेत की आत!" त्या फोनवरच खेकसल्या.

फोन वाजला. त्यांनी कापला. लगेच पुन्हा वाजला. त्यांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला. आता कापला तर आपल्याला लावता येत नाही. आणि पोरगी इतक्या सकाळी, अशी पाठोपाठ कधी लावत नाही.

"अगं, घे की!" तातेराव हातातला चारा टाकून म्हणाले. "आता रीत पाह्यची का लेक पाह्यची?"

त्यांनी फोन घेतला.

"माय, कापू नको!" प्रभावती रडत होती. "डाक्टरनी उठायचंच न्हाई म्हणून सांगितलंय. बाळ बरंय, पन प्रवास बंद. मला न्हाई येता येनार. तू ये ना इकडं."

"येते. आजच्या गाडीनं निघते."

लेक हळूच म्हणाली, "आन शेजारी जाऊन पाणी पिशील? ते न्हाई बघवत मला, माय. तसं असलं तर येऊ नको."

दिवाळीनंतरचा तो एवढासा चेहरा द्वारकाबाईंना आत्ता कुठं दिसला. आपण रीत पाळत होतो, आणि पोरीला मात्र आई परकी झाल्यासारखी वाटत होती.

"तू वाढलेलं न्हाई खानार मी," त्या म्हणाल्या.

पलीकडून हुंदका आला.

"अगं, ऐक तर! उठायचं न्हाई ना तुला? मंग वाढशील कशी? तुझ्या डब्यातल्या पिठाच्या भाकरी मी करीन, तुझ्याच गॅसवर. आन दोघी एका ताटात जेवू."

प्रभावती रडता रडता हसली. मग बाजरीचं पीठ कुठल्या डब्यात, मिठाची बरणी कुठं, असं सगळं तिनं बैजवार सांगायला घेतलं. तातेराव गाडीची वेळ विचारायला बाहेर पडले, आणि द्वारकाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून लेकीच्या पैशानं पोटभर ऐकत राहिल्या.